पोकरमधून काय शिकता येतं? चिंचोके घेऊन बसा, सांगतो

समजा तुमच्या हातात दोन एक्के आहेत आणि समोरच्याकडे दोन राजे. दोघांनीही होते नव्हते ते सगळे चिप्स, म्हणजे पैशाच्या जागी वापरायच्या चकत्या, मध्ये ढकललेत, मग सगळ्यांसाठीची मधली पानं उघडली, त्यात एक राजा आला, त्याचे तीन राजे झाले आणि तुम्ही हरलात. चुकलं काय? काहीच नाही. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीसमोर शंभरातून साधारण ८२ वेळा जिंकते, म्हणजे १८ वेळा ती हरणारच, आणि आजची वेळ त्या १८ मधली होती एवढंच. पण बाजूला बसलेला माणूस लगेच म्हणणार, कशाला रे एवढे लावलेस, आणि राजावाल्याच्या पाठीवर थाप मारून म्हणणार की काय डेअरिंग आहे ह्याचं! निकाल बघून निर्णयाला मार्क द्यायची ही सवय आपल्या सगळ्यांना लागलेली आहे, घरात, ऑफिसात, गावात, सगळीकडे, आणि पोकर हा मला माहीत असलेला एकच खेळ आहे जो ही सवय मुळापासून हलवतो. म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आमच्या गोव्यात पोकर म्हटलं की मांडवी नदीत उभी असलेली कॅसिनोची जहाजं आठवतात आणि घरातल्या मोठ्यांच्या कपाळावर आठ्या येतात. त्या आठ्या बरोबर आहेत. मटक्यापायी आणि जत्रेतल्या जुगारापायी कुणाची घरं बसली ते प्रत्येक गावात लोकांना माहीत असतं. कॅसिनोत खेळायला गोमंतकीयांना २०२० पासून मनाई आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आणणारा कायदा केला, त्यात पोकरही आलाच. तर मी इथे जे काही सांगतोय ते घरी चिंचोके किंवा काजूबिया घेऊन खेळायच्या पोकरबद्दल, पैसे न लावता. शिकायला पैसे लागतच नाहीत. उलट पैशाच्या टेबलावर प्रत्येक पॉटमधून, म्हणजे मध्ये जमलेल्या ढिगातून, टेबल चालवणारा आपला वाटा कापून घेतो, त्यामुळे सगळ्या खेळाडूंचा एकत्र हिशोब केला तर ते टेबल कायम तोट्यातच असतं.

आणि पोकर म्हणजे रुलेट नव्हे हेही सांगायला पाहिजे. रुलेटच्या एका शून्याच्या चाकावर ३७ घरं असतात, १८ लाल, १८ काळी आणि एक शून्य, तुम्ही लालवर लावा नाहीतर काळ्यावर, सरासरी शंभराला २ रुपये ७० पैसे कॅसिनोचे ठरलेले. तुमच्या हुशारीने त्यात पैशाचाही फरक पडत नाही. पोकरमध्ये पत्ते नशिबाचे पण लावायचं की सोडायचं, किती लावायचं, कोणासमोर लावायचं हे सगळं तुमच्या हातात असतं.

खेळ कसा चालतो ते थोडक्यात बघू. टेक्सस होल्डम हा सगळ्यात जास्त खेळला जाणारा प्रकार आहे. प्रत्येकाला दोन पानं लपवून मिळतात, मग मध्ये सगळ्यांसाठी तीन पानं उघडतात त्याला फ्लॉप म्हणतात, मग एक पान म्हणजे टर्न, मग शेवटचं एक म्हणजे रिव्हर. आपली दोन आणि मधली पाच अशा सातातून उत्तम पाच पानांचा हात करायचा. पानं वाटल्यावर आणि मग प्रत्येक टप्प्यानंतर बोली होते, कॉल करा म्हणजे समोरच्याएवढेच घाला, रेज करा म्हणजे त्याहून वाढवा, नाहीतर फोल्ड करा म्हणजे पानं टाकून द्या. चवथीला रात्र रात्र जागून तीन पत्ती खेळलेल्याला चाल आणि पॅक माहीतच असतं, त्याला हे दहा मिनिटांत जमतं.

बुद्धिबळात सगळं पटावर उघडं असतं, समोरच्याचं एकही प्यादं लपलेलं नसतं. पोकरमध्ये निम्मी माहिती झाकलेली असते आणि तरी निर्णय घ्यायचाच असतो, आणि आयुष्यातले बहुतेक निर्णय असेच असतात की नाही बघा, लग्न, नोकरी, जमीन, कर्ज, सगळं अर्ध्या माहितीवर. जॉन फॉन नॉयमन नावाचा मोठा गणिती ह्याच कारणाने पोकरकडे वळला, १९२८ मध्ये त्याचा खेळांच्या गणितावरचा निबंध आला आणि १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गनस्टर्न ह्या अर्थशास्त्रज्ञाबरोबर त्याने गेम थिअरीचा पाया घातला, त्यात पोकरच्या ब्लफचं, म्हणजे हात कमजोर असताना जोरदार असल्यासारखं लावण्याचं, गणित सोडवलेलं आहे. हा प्रश्न किती अवघड आहे ते कॉम्प्युटरवरूनही कळतं. बुद्धिबळात डीप ब्लू ह्या कॉम्प्युटरने जगज्जेत्या कास्पारोव्हला १९९७ मध्ये हरवलं, पण दोघांत खेळायच्या नो लिमिट होल्डममध्ये, म्हणजे कितीही लावता येतं त्या प्रकारात, अव्वल खेळाडूंना हरवायला कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रॅटस ह्या प्रोग्रामला २०१७ उजाडावं लागलं, आणि त्यासाठी चार व्यावसायिक खेळाडूंबरोबर १ लाख २० हजार हात, म्हणजे डाव, खेळले गेले. इतके हात कशाला? कारण थोड्या हातांत कोण खरा चांगला आणि कोणाचं नशीब जोरावर होतं हे ओळखताच येत नाही. ही एवढी एक गोष्ट जरी डोक्यात बसली तरी दोन महिने शेअर बाजारात कमावून दुसऱ्यांना सल्ले देत फिरणाऱ्या माणसाकडे बघायची नजर बदलते.

आता गणित, घाबरू नका, आकडेमोड चौथीच्या मुलाला जमेल अशी आहे. तुमच्या हातात दोन बदाम आहेत, फ्लॉपवर आणखी दोन बदाम आले, पाचवा आला की फ्लश, म्हणजे एकाच जातीची पाच पानं, होतो आणि तो झाला तर तुम्ही जिंकणार असं धरून चालू. तुम्हाला पाच पानं दिसली, न दिसलेली राहिली ४७, त्यात बदाम राहिले ९. म्हणजे पुढच्याच पानाला बदाम यायची शक्यता ४७ पैकी ९, साधारण १९ टक्के. टर्न आणि रिव्हर दोन्ही पानं बघायला मिळाली तर ३५ टक्के.

मध्ये १०० चिंचोके आहेत, समोरच्याने ५० लावले, आता मध्ये झाले १५०, तुम्हाला खेळात राहायला ५० घालायचेत. ५० घालून एकूण २०० चा ढीग होतो आणि त्यातले ५० तुमचे, म्हणजे तुम्ही चारातून एकदा, २५ टक्के वेळा जिंकलात तर बरोबरी. ह्याला पॉट ऑड्स म्हणतात. समोरच्याने त्याचे शेवटचे ५० लावले असतील, पुढे आणखी बोली होणार नसेल, तर तुम्हाला दोन्ही पानं ह्याच पैशात मिळतात, ३५ टक्के हे २५ पेक्षा जास्त, कॉल करा. शंभर वेळा असं केलंत तर ३५ वेळा १५० मिळतात म्हणजे ५२५०, ६५ वेळा ५० जातात म्हणजे ३२५०, हाती उरले २०००, हातामागे २० चा फायदा. पण टर्न उघडून झालाय आणि एकच पान राहिलंय असं असेल तर जिंकायची शक्यता १९ च्या आसपास, तिथे शंभर वेळांत २८५० येतात आणि ४०५० जातात, हातामागे १२ चा तोटा, सोडून द्या. पहिल्या प्रसंगात कॉल करूनही तुम्ही शंभरातून ६५ वेळा हरणार आहात हे नीट बघा, आणि तरी तो कॉल बरोबर आहे! ह्या वाक्यापाशी बहुतेकजण अडतात. मी फोंड्याला अकरावी-बारावीच्या गणिताच्या ट्युशन घेतो, पिशवीतले लाल निळे चेंडू मुलं पटापट सोडवतात पण हे वाक्य पचायला त्यांना आठवडा लागतो, आणि माझ्या मते संभाव्यतेचा सगळा धडा ह्या एका वाक्यासाठी आहे.

ह्यातून जी पहिली सवय लागते ती म्हणजे नक्की हा शब्द कमी होतो. पोकर खेळणाऱ्याला तुम्ही म्हणालात की ह्या वर्षी पर्यटनाचा सीझन नक्की चांगला जाणार तर तो विचारतो, किती टक्के? आणि टक्का सांगायची वेळ आली की माणूस आपोआप विचार करतो, आपल्याला काय माहीत आहे आणि काय नाही ह्याचा. हे तपासताही येतं. ज्या दहा गोष्टींना तुम्ही ७० टक्के म्हणालात त्यातल्या सातेक खऱ्या झाल्या पाहिजेत, दहाच्या दहा झाल्या तर तुम्ही उगाच घाबरून बोलताय आणि चारच झाल्या तर उगाच छाती फुगवून.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते म्हणून जरा थांबतो, निर्णय आणि निकाल वेगवेगळे ठेवायचे. आमच्या डिचोली, सांगे, केपे भागात चीनला खनिज जात होतं त्या काळात लोकांनी ट्रक घेतले, काहींनी एक घेतला, काहींनी घर गहाण टाकून चार घेतले. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाचा आदेश आला आणि ट्रक दारात उभे राहिले. आज मागे वळून सगळ्यांना सरसकट मूर्ख म्हणणं फार सोपं आहे, आणि २०१० मध्ये ह्याच लोकांना सगळेजण हुशार म्हणत होते! दोन्ही वेळा आपण फक्त निकाल बघितला. विचारायचा प्रश्न असा आहे की त्या दिवशी त्या माणसाला काय माहीत होतं, बंदी येईल ह्याची शक्यता त्याने शून्य धरली होती की दहा टक्के, आणि ती आली तर त्याचं काय काय जाणार होतं. साठवलेल्या पैशातून एक ट्रक घेणाऱ्याचा आणि घर लावून चार घेणाऱ्याचा निकाल वाईटच लागला पण निर्णय एकसारखे नव्हते. हे उलटंही लागू होतं. हेल्मेट न घालता रोज पणजीला जाऊन सुखरूप परत येणाऱ्याचा निर्णय वाईटच असतो, त्याला निकाल चांगला मिळतोय इतकंच.

किती लावायचं हा प्रश्न ह्यातूनच येतो आणि इथे एक गणित आहे जे बघून मी स्वतः पहिल्यांदा वही घेऊन बसलो होतो. समजा तुम्हाला असा डाव मिळाला की शंभरातून ६० वेळा तुम्ही जिंकता आणि लावलेत तेवढेच वर मिळतात, फायद्याचाच डाव आहे. तुमच्याकडे १००० चिंचोके आहेत आणि प्रत्येक वेळी जे असेल त्यातले निम्मे लावायचे ठरवलंत. दहा डावांत बरोबर सहा जिंकलात, चार हरलात, म्हणजे नशिबाने काही दगा दिला नाही. शेवटी किती उरतील? ७१२ च्या आसपास! डाव फायद्याचा, निकालही ठरल्याप्रमाणे, आणि तरी तुम्ही तोट्यात, कारण निम्मं गेल्यावर ते भरून काढायला दुप्पट व्हावं लागतं. तेच दर वेळी पाचवा हिस्सा लावलात तर दहा डावांनंतर १२२३ होतात. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज ह्या संशोधन संस्थेतल्या जॉन केलीने १९५६ मध्ये ह्याचं सूत्र मांडलं, अशा बरोबरीच्या डावात जिंकायच्या शक्यतेतून हरायची शक्यता वजा करायची, ६० मधून ४० गेले, राहिले २०, तेवढेच टक्के लावायचे. आणि हा ६० चा आकडा खऱ्या आयुष्यात कोणालाच पक्का माहीत नसतो, म्हणून शहाणा माणूस त्याहूनही कमी लावतो. चार ट्रकवाल्याचं गणित इथे चुकलं होतं, त्याला धंदा कळत नव्हता असं नाही.

हात सोडून देणं, फोल्ड, हे सगळ्यात कंटाळवाणं कौशल्य आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं. चांगला खेळाडू दहातले सात-आठ हात सुरुवातीलाच टाकून देतो. नवशिक्याला हे जमत नाही, त्याला वाटतं बसलोय तर खेळायला पाहिजे, आणि एकदा का त्याचे वीस चिंचोके मध्ये गेले की तो त्या विसांना सोडायला तयार नसतो. पण मध्ये गेलेले चिंचोके आता तुमचे नाहीतच, ते पॉटचे झाले, पुढचा निर्णय फक्त पुढच्या खर्चावर आणि पुढच्या शक्यतेवर घ्यायचा. आतापर्यंत एवढं घातलंय, आता कसं सोडू, हे वाक्य तुम्ही किती वेळा ऐकलंय? सरकारी नोकरीची वाट बघत तिशी गाठलेली मुलं आमच्याकडे घरोघरी आहेत, हुशार असतात, पण दर वर्षी तेच म्हणतात, की एवढी वर्षं थांबलो तर अजून एक. मागची वर्षं परत येणार नाहीत हे ऐकायला कठोर वाटतं, पण आईबापांनी हे प्रेमाने बोलायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण न बोलता ढकललेलं प्रत्येक वर्ष त्या मुलाच्या पुढच्या वर्षांतून कापलं जातं.

मग इरेला पेटणं. पोकरमध्ये ह्याला टिल्ट म्हणतात. बरोबर खेळून हरलं की डोकं गरम होतं, पुढच्याच हाताला सगळं वसूल करायचं असतं, मग सत्ती-दुरीसारख्या टाकाऊ पानांवरही माणूस रेज करत सुटतो. मोठं जिंकल्यावरही हेच होतं, फक्त चेहरा हसरा असतो. ह्यावर त्या क्षणी काही उपाय चालत नाही कारण ज्या डोक्याने उपाय करायचा तेच डोकं फिरलेलं असतं, म्हणून नियम आधी, शांत असताना ठरवायचा, आपल्या चिंचोक्यांचे दोन ढीग संपले की उठायचं, मग कोण काय म्हणो. ज्यांना हे पटत नाही त्यांनी शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अहवाल बघावा, तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्स, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावायचे सौदे, खेळलेल्या एक कोटीहून जास्त सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, माणशी सरासरी दोन लाखांच्या आसपास. हा कायदेशीर बाजार आहे, कॅसिनोचं जहाज नव्हे, आणि मोबाईलवर रात्री हरलेलं सकाळी वसूल करायला बसणारी पोरं माझ्या ओळखीतही आहेत. काळजी वाटते.

ब्लफबद्दल लोकांचा समज असा की पोकर म्हणजे निर्विकार चेहरा करून थापा मारणं. चेहऱ्याचा भाग फार छोटा आहे. मुख्य काम असतं ते समोरच्याची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळते का बघण्याचं. आता तो एवढे लावतोय म्हणजे सांगतोय की त्याच्याकडे फ्लश आहे, पण मग फ्लॉपला तो गप्प का होता, टर्नला एवढे कमी का लावले? फॉन नॉयमनच्या गणितातून आलेली एक गंमत अशी की कधीच ब्लफ न करणाराही हरतो आणि नेहमी करणाराही, शेवटच्या बोलीला मध्ये आहे तेवढंच लावायचं असेल तर साधारण तीनातून एकदा ब्लफ असला की समोरच्याला कॉल करून फायदा नाही आणि सोडूनही नाही. पण मला ह्यातली बचावाची बाजू जास्त महत्त्वाची वाटते. बँकेतून बोलतोय म्हणणारा ओटीपी का मागतो, पोलीस असेल तर व्हिडिओ कॉलवर पैसे का मागेल, प्लॉट एवढा चांगला आहे तर आज संध्याकाळपर्यंतच टोकन द्या ही घाई कशाला? पैसे आणि घाई एकत्र आली की गोष्ट मागून तपासायला घ्यायची. आणि शक्य तिथे शेवटी बोलायचं, पोकरमध्ये जो शेवटी बोलतो त्याला सगळ्यांचं बोलून झालेलं कळलेलं असतं, सेकंडहँड स्कूटर घेताना समोरच्याला आधी किंमत सांगू द्या, तेवढाच फायदा.

पोकर जे शिकवत नाही तेही सांगतो. टेबलावर तुमचा फायदा म्हणजे कोणाचा तरी तोटा, एवढंच नातं असतं. भावाबरोबर घराची वाटणी करताना, बायकोशी बोलताना, भागीदारीत हे डोकं वापरलंत तर नुकसान होईल, तिथे दोघांचाही फायदा करता येतो आणि पानं उघडी ठेवूनच तो होतो. दुसरं म्हणजे पत्ते ५२ च असतात, शक्यता मोजता येते, आयुष्यात असे पत्ते निघतात जे कॅटमध्येच नव्हते, २०२० मध्ये पर्यटन असं पूर्ण बंद पडेल हे कळंगुटच्या कुठल्या हॉटेलवाल्याने धरलं होतं? म्हणून केलीच्या आकड्यापेक्षा कमी लावायचं हे परत सांगतो.

सुरू करायचं असेल तर पाच-सहा जण पुरे. प्रत्येकाला शंभर चिंचोके द्या, पैशात बदलायचे नाहीत हे आधी ठरवा, घरात कोणाला जुगाराची सवय लागलेली असेल तर हा खेळ त्या घरात नको, तिथे चिंचोक्यांवरून गोष्ट पैशावर जायला वेळ लागत नाही. एक वही ठेवा. मोठा निर्णय घ्यायच्या आधी, पान उघडायच्या आधी, दोन गोष्टी लिहायच्या, माझी जिंकायची शक्यता किती टक्के आणि का. निकाल नंतर शेजारी लिहायचा. रात्र संपल्यावर निकालाचा रकाना हाताने झाका आणि उरलेलं सगळ्यांनी मिळून वाचा, कोणता कॉल बरोबर होता आणि कोणता नव्हता. सुरुवातीला भांडणं होतील, मोठी माणसं जास्त भांडतात. चार-पाच बैठकांनंतर तीच वही नोकरी बदलणं, गाडीचं कर्ज, मुलांची ॲडमिशन असल्या निर्णयांना वापरायला घ्या, तिथे टक्के ठरवायला वेळ लागतो आणि निकाल यायला वर्षं लागतात, म्हणून तारीख टाकायला विसरू नका.